बंद केलेले यंत्र, चालू राहिलेले मीटर



लाइटबिल आपल्याला कळते. मीटरचा मागचा आकडा, आताचा आकडा आणि मधला फरक म्हणजे युनिट. नळपट्टी कळते. गॅसच्या टाकीचा भाव तर घरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. पण ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी नांदेडला, लातूरला, पुण्याला किंवा हैदराबादला कॉम्प्युटर शिकते आहे, त्या घरात आता आणखी एक बिल येऊ शकते. त्याचे नाव क्लाउडचे बिल. ते कागदावर छापून दारात पडत नाही. ते ईमेलवर येते. ईमेल असते लेकराचे आणि कार्ड असते आईचे किंवा बापाचे. म्हणून घरातल्या मोठ्यांना ते कळते तेव्हा खात्यातून पैसे गेलेले असतात.

आज आम्ही या बिलाविषयी लिहिणार आहोत. विषय नवा वाटला म्हणून पान उलटू नका. ज्याला घरखर्चाचा हिशोब ठेवता येतो त्याला हा विषय कळेल, आणि इंग्रजी शिकलेल्या पोरापेक्षा कदाचित लवकर कळेल.

क्लाउड म्हणजे ढग. नाव फसवे आहे. ढगात काही नसते. मोठ्या कंपन्यांनी मोठमोठ्या इमारती बांधून त्यात हजारो कॉम्प्युटर ठेवले आहेत आणि ते त्या भाड्याने देतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यासह भारतात अशी केंद्रे सुरू केली, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत, गूगलने २०१७ मध्ये मुंबईत. नांदेडवरून जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसचे एक टोक मुंबई आणि दुसरे हैदराबादकडे. म्हणजे हा ढग आपल्या रुळाच्या दोन्ही टोकांना जमिनीवरच उभा आहे.

पूर्वी आपल्याकडे सायकल तासावर भाड्याने मिळायची, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. दुकानदार वहीत वेळ लिहून घ्यायचा. तुम्ही सायकल चालवली की भिंतीला टेकवून झाडाखाली झोपलात, याच्याशी त्याला देणेघेणे नसायचे. सायकल परत येईपर्यंत भाडे चालू. क्लाउडचा कारभार नेमका असाच आहे. फरक एवढाच की सायकलवाला संध्याकाळी आपल्याला शोधत गल्लीत यायचा, क्लाउडवाला येत नाही. महिनाभर सायकल भिंतीला टेकलेली राहिली तरी तो वहीत तास लिहीत राहतो.

लातूरच्या एमआयडीसीत डाळमिलवर काम करणाऱ्या एका ताईंनी आम्हाला त्यांच्या घरची हकिगत सांगितली. लेक डिप्लोमाला आहे. क्लाउड शिकले की नोकरी लागते असे तिला सगळ्यांनी सांगितलेले. तिने व्हिडिओ पाहून एका कंपनीकडे खाते उघडले. कार्ड मागितले तेव्हा आईचे डेबिट कार्ड दिले. तपासणीपुरते दोन रुपये कापले गेले, तेव्हा ताईंना वाटले, दोनच रुपये. धडा झाल्यावर लेकीने मशीन बंद केले. खरोखर बंद केले होते, खोटे सांगत नव्हती. पण त्या मशीनला इंटरनेटकडे जायला जी वाट बांधली होती, ती वाट तशीच राहिली. त्या वाटेचे भाडे तासाला साधारण पाच रुपये. पाच रुपयांत आपल्याकडे आता चहासुद्धा मिळत नाही. पण दिवसाचे तास चोवीस आणि महिन्याचे सातशे वीस. सातशे वीस पंचे तीन हजार सहाशे, त्यावर १८ टक्के जीएसटीचे सहाशे अठ्ठेचाळीस. चार हजार दोनशे अठ्ठेचाळीस रुपये, आणि त्या वाटेने एक माणूसही गेला नव्हता.

ताई म्हणाल्या, पैसे गेले ते गेले, पण पोरगी त्यानंतर त्या अभ्यासाला हात लावायला भिऊ लागली. आम्हाला या हकिगतीतली हीच गोष्ट जास्त लागली. चार हजार रुपये ही मजुरी करणाऱ्या घरात लहान रक्कम नाही, हे आम्हाला कोणी सांगायला नको. परंतु ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांची मुले असल्या चुका करतात, बाप बिल भरतो आणि पोरगा पुढे शिकतो. आपल्या घरात एका बिलाने शिकणेच थांबते. म्हणून हे मीटर कसे वाचावे ते आधी कळले पाहिजे.

सन २०२० चा जून महिना आठवा. त्या महिन्याच्या लाइटबिलाने महाराष्ट्रात घराघरात आरडाओरडा झाला होता. टाळेबंदीमुळे महावितरणने २३ मार्चपासून मीटर वाचणे थांबवले होते. मधली बिले सरासरीने आली. जूनमध्ये खरे रीडिंग घेतले तेव्हा मागच्या महिन्यांचा फरक एकाच बिलात चढला. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते, आणि उन्हाळ्याचे दिवस, सगळे घरात बसून, पंखे दिवसरात्र फिरत होते. त्या वेळी अनेकांनी बिलाचा आकडा पाहून कपाळाला हात लावला. पण ज्याने कागद-पेन्सिल घेऊन युनिट महिन्यांत वाटले, कोणत्या महिन्याला कोणता दर ते पाहिले, त्यालाच कळले की यातले आपण वापरलेले किती आणि तक्रार करण्याजोगे किती. नुसत्या एकूण रकमेकडे पाहून ते कळत नाही.

क्लाउडच्या बिलालाही हाच कायदा. बिल अचानक वाढले की कारणे चारच असतात. वापर वाढला, दर बदलला, सवलत संपली, नाहीतर आपल्या मीटरवर दुसऱ्याने आकडा टाकला.

सवलतीचे आधी सांगतो, कारण शिकणाऱ्या मुलांचा पाय बहुधा तिथेच घसरतो. अॅमेझॉनची जुनी सवलत अशी होती की पहिले बारा महिने लहान मशीनचे महिन्याला ७५० तास फुकट. महिन्याचे तास जास्तीत जास्त ७४४. म्हणजे एक मशीन महिनाभर चालले तर पैसे नाहीत. पण ही ७५० तासांची सवलत सगळ्या मशीनांना मिळून होती. मुलाने दोन मशीन चालू ठेवली की पंधरा-सोळा दिवसांत ती संपायची आणि उरलेल्या दिवसांचे भाडे चालू व्हायचे. आणि बारा महिने संपले की तेराव्या महिन्यात त्याच मशीनचे पैसे पडायचे. १५ जुलै २०२५ नंतर उघडलेल्या खात्यांना नवा नियम आहे. खाते उघडताना फुकट योजना आणि पैशांची योजना असे दोन दरवाजे दिसतात. फुकट योजनेत सहा महिने किंवा मिळालेली रक्कम संपेपर्यंत काम करता येते, बिल येत नाही, आणि मुदत संपली की खाते बंद पडते. शिकणाऱ्याने याच दरवाज्याने आत जावे. पुढे कुठेतरी ‘अपग्रेड करा’ असे बटण येते. ते घरात विचारल्याशिवाय दाबू नये.

दर बदलणे हे कारण लहान वाटते, पण तेही नजरेआड करू नये. इंटरनेटवर प्रत्येक मशीनला एक पत्ता लागतो. १ फेब्रुवारी २०२४ पासून अॅमेझॉनने जुन्या पद्धतीच्या अशा प्रत्येक सार्वजनिक पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावायला सुरुवात केली. महिन्याचे तीनशे-सव्वातीनशे रुपये होतात. ज्यांची जुनी खाती चालू होती त्यांनी काहीही नवे केले नव्हते, तरी त्या महिन्यापासून बिल वाढले.

वापर वाढणे म्हणजे बहुतेक वेळा विसरणे. मशीन ‘थांबवले’ आणि मशीन ‘काढून टाकले’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. थांबवलेल्या मशीनचे भाडे थांबते, पण त्याच्या कपाटाचे, म्हणजे माहिती साठवलेल्या डिस्कचे भाडे चालू राहते. ही खोली रिकामी करून कुलूप लावण्यासारखी गोष्ट आहे. कुलूप लावले म्हणून घरमालक भाडे सोडत नाही. त्याहून चमत्कारिक गोष्ट डेटाबेसची. अॅमेझॉनची डेटाबेस सेवा तुम्ही थांबवली तर ती सात दिवस थांबते आणि आठव्या दिवशी आपली आपणच पुन्हा चालू होते. कंपनी म्हणते, दुरुस्त्या राहून जाऊ नयेत म्हणून ही सोय. सोय असेल, पण परीक्षेला बसलेल्या पोराला ती महागात पडते. काम झाले असेल तर हवी ती माहिती आपल्याकडे उतरवून घ्यावी आणि डेटाबेस काढूनच टाकावा.

आणखी एक गोम आहे. शिकवणारा व्हिडिओ बहुधा परदेशातला असतो. तो दाखवतो व्हर्जिनियाचे पान. मुलगा त्याच्यामागोमाग व्हर्जिनियात मशीन उभे करतो. दुसऱ्या दिवशी पान उघडतो ते मुंबईचे. मुंबईच्या पानावर व्हर्जिनियातले मशीन दिसत नाही. सगळे रिकामे दिसते. मुलगा निर्धास्त झोपतो. म्हणून मशीनच्या पानावर विश्वास ठेवू नये, बिलाच्या पानावर ठेवावा. बिलाच्या पानावर सगळ्या गावांचा हिशोब एकत्र येतो.

आता चढलेले बिल शोधायचे कसे? महिन्याची एकूण रक्कम पाहत बसू नये. रोजचा तक्ता उघडावा. अॅमेझॉनमध्ये त्याला कॉस्ट एक्सप्लोरर म्हणतात, इतरांकडेही तसेच पान असते. कोणत्या तारखेला आकडा चढला ते आधी पाहावे. मग तोच तक्ता सेवेप्रमाणे वेगळा करावा, म्हणजे मशीनचे किती, साठवणीचे किती, वाहतुकीचे किती ते दिसते. मग गावाप्रमाणे. मग वापराच्या प्रकाराप्रमाणे. एवढे केले की चोर बहुधा सापडतोच. त्या तारखेला आपण काय केले होते ते वहीत किंवा मोबाईलवर पाहावे.

तक्त्याचा आकार पाहायलाही शिकावे. पायरीसारखा आकार असेल, म्हणजे एका दिवशी आकडा वर गेला आणि रोज तेवढाच राहिला, तर काहीतरी चालू करून विसरले आहे. सुळक्यासारखा असेल, एक दिवस वर आणि पुन्हा खाली, तर त्या दिवशी कोणते तरी काम हाताबाहेर गेले किंवा एकदम खूप लोक आले. हळूहळू चढण असेल तर साठवण वाढते आहे. डिस्कच्या जुन्या प्रती, मशीनने रोज लिहिलेल्या नोंदी, ही क्लाउडमधली रद्दी. घरातली रद्दी विकून चार पैसे येतात, या रद्दीचे पैसे उलटे आपणच भरतो.

मोठ्या कंपन्यांत हा हिशोब पाहणे आता स्वतंत्र काम झाले आहे. त्याला फिनऑप्स म्हणतात. त्यासाठी माणसे नेमली जातात. आमचे मत असे की बचत गटाची वही ज्या बायांनी वर्षानुवर्षे पै-पैसह जुळवली आहे, त्यांच्या लेकींना हे काम चांगले जमेल. वस्तू कोणाच्या नावावर, कशासाठी, कधीपर्यंत, हे तीन रकाने बचत गटाच्या वहीत असतातच. क्लाउडमध्येही प्रत्येक वस्तूला अशी चिठ्ठी लावता येते, तिला टॅग म्हणतात. चिठ्ठी नसलेली वस्तू दिसली की समजावे, ही कोणाचीच नाही आणि भाडे मात्र आपल्या नावावर.

इशाऱ्याची सोयही आहे. बजेट ठरवून द्यायचे, समजा शंभर रुपये, की त्याच्यापुढे खर्च गेल्यावर ईमेल येतो. खाते उघडले त्याच दिवशी पहिले काम हे करावे. आणि ईमेल एकट्या मुलाचा न देता घरातल्या आणखी एकाचा द्यावा. रोजच्या खर्चात वेगळे काही दिसले तर कळवणारी सोयही अॅमेझॉनने २०२० च्या डिसेंबरपासून सगळ्यांना दिली आहे. पण येथे एक मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना वाटते, बजेट ठरवले म्हणजे त्यापुढे खर्च होणारच नाही. तसे नाही. तो इशारा आहे, कटआउट नाही. घंटा वाजते, वीज बंद होत नाही. गूगल आपल्या सूचनेत हे स्पष्ट सांगते. शिवाय घंटाही उशिरा वाजते. अॅमेझॉनचा बजेटचा हिशोब दिवसातून फार तर तीन वेळा, आठ-बारा तासांच्या अंतराने ताजा होतो.

उशिराची घंटा काय करते त्याचा एक दाखला जगभर गाजला. सन २०२० मध्ये एका लहान कंपनीने गूगलच्या क्लाउडवर एक प्रयोग चालवला. बजेट ठेवले होते सात डॉलरचे. त्यांच्या कार्यक्रमात अशी चूक राहिली की एक पान दुसऱ्याला बोलावी, दुसरे पुन्हा पहिल्याला, आणि हा खेळ थांबेचना. अब्जावधी वेळा माहिती वाचली गेली.  ईमेल आले, पण तोपर्यंत बिल ७२ हजार डॉलरवर गेले होते, म्हणजे तेव्हाच्या भावाने पन्नास लाखांहून जास्त रुपये. पुढे गूगलने ते माफ केले. पण ती कंपनी त्या दिवसांत दिवाळे काढण्याची तयारी करत होती.

तेव्हा नुसत्या घंटेवर भागत नाही. किती मशीनपर्यंत वाढू द्यायचे याची कमाल मर्यादा जिथे देता येते तिथे ती देऊन ठेवावी. शिकणाऱ्याला एक मशीन पुरते, तर मर्यादा एक. नवे काम रात्री चालू करून झोपू नये, सकाळी चालू करून समोर बसावे. मजेची गोष्ट अशी की हे शहाणपण लातूरकरांना कोणी शिकवायला नको. सन २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आले तेव्हा नळाखाली घागर लावून कोणी झोपायला गेले नाही.

आपल्या गल्लीतही हे कसे घडू शकते पाहा. एखाद्या मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्याने १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा व्हिडिओ क्लाउडवर ठेवला आणि त्याची लिंक सगळ्या ग्रुपवर टाकली. व्हिडिओ अर्ध्या जीबीचा. नांदेडच्या माणसाने पाहिला, मुंबईच्या पाहुण्याने पाहिला, दोन हजार लोकांनी उतरवून घेतला. झाले एक हजार जीबी. क्लाउडमध्ये सामान आत न्यायला सहसा पैसे नसतात, बाहेर काढायला असतात. मुंबईतून अॅमेझॉनचा दर जीबीला साधारण नऊ-दहा रुपये, महिन्याचे पहिले शंभर जीबी फुकट. उरलेल्या नऊशे जीबीचे आठ-नऊ हजार रुपये, वर जीएसटी. मंडळाच्या वर्गणीत हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? तोच व्हिडिओ यूट्यूबवर टाकला असता तर एक पैसा लागला नसता. क्लाउडचे काम क्लाउडवर आणि मिरवणूक यूट्यूबवर, एवढा विवेक ठेवला तरी पुरे.

राहिले चौथे कारण, दुसऱ्याने आकडा टाकणे. हे सर्वांत वाईट, कारण यात बिल हजारांत न राहता लाखांत जाऊ शकते. क्लाउडच्या खात्याच्या किल्ल्या म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ असते. मुले आपले काम दाखवण्यासाठी गिटहबवर टाकतात, नोकरीला ते दाखवावेही लागते. त्या कामात किल्लीची ओळ राहून गेली तर काही मिनिटांत ती उचलली जाते. माणसे नव्हेत, यंत्रे रात्रंदिवस अशा किल्ल्या हुडकत असतात. मग तुमच्या खात्यावर दूरदूरच्या गावांत मोठमोठी मशीन उभी राहतात आणि त्यांवर क्रिप्टोचे नाणे खणले जाते. नाणे त्यांचे, वीज तुमची. यावर उपाय सोपा आहे. कामाच्या फाइलीत किल्ली कधी लिहू नये. खात्याला पासवर्डशिवाय मोबाईलवरचा दुसरा अंक लावावा. मुख्य खात्याची किल्ली बनवूच नये. आणि किल्ली बाहेर पडली असे वाटले तर ओळ पुसून भागत नाही, कारण जुन्या प्रतीत ती राहते. किल्लीच रद्द करावी.

कधी कधी आपली काही चूक नसतानाही बिल येते, हेही खरे आहे. सन २०२४ मध्ये पोलंडच्या एका तंत्रज्ञाने अॅमेझॉनवर एक रिकामी पेटी उघडली. पेटीला दिलेले नाव योगायोगाने एका प्रसिद्ध फुकट कार्यक्रमाच्या ठरावीक नावाशी जुळले. तो कार्यक्रम वापरणारी जगभरची मशीने त्याच्या पेटीत सामान टाकायला येऊ लागली. परवानगी नसल्याने सगळी परत पाठवली गेली, पण एका दिवसात जवळजवळ दहा कोटी वेळा दार ठोठावले गेले, आणि प्रत्येक ठोक्याचे पैसे लागले. तेराशे डॉलरहून जास्त बिल, पेटी रिकामीच. त्या माणसाने ही गोष्ट आकड्यांसह जगापुढे मांडली. त्यानंतर मे २०२४ मध्ये अॅमेझॉनने नियम बदलला, आणि परवानगी नसलेल्या अशा ठोक्यांचे पैसे पेटीच्या मालकाला लावणे बंद केले. कंपनी अमेरिकेची असो की आणखी कुठली, हिशोब मांडून भांडणाऱ्याचे तिला ऐकावे लागले.

लेकराला शिकवायचे तर कार्ड दिलेच पाहिजे का, असे पालक विचारतील. नाही. मायक्रोसॉफ्टचे विद्यार्थ्यांसाठी वेगळे खाते आहे. त्याला कॉलेजचा ईमेल लागतो, कार्ड लागत नाही, आणि शंभर डॉलरचा वापर मिळतो. अॅमेझॉनचा एज्युकेट नावाचा फुकट वर्ग आहे, त्यालाही कार्ड लागत नाही. नांदेडच्या किंवा लातूरच्या ज्या कॉलेजात पोर शिकते तिथे कॉलेजचा ईमेल मिळतो का, ते पहिल्या आठवड्यातच विचारून घ्यावे. मिळत असेल आणि पोराने घेतला नसेल तर घ्यायला लावावे. गूगलच्या चाचणी खात्याला कार्ड लागते, पण ९० दिवस किंवा तीनशे डॉलर संपले की तुम्ही स्वतः अपग्रेड केल्याशिवाय पैसे कापले जात नाहीत. कार्ड द्यावेच लागले तर ज्या खात्यात पगार किंवा शिष्यवृत्ती येते ते देऊ नये. वेगळ्या खात्याचे द्यावे, ज्यात पाचशेच्या वर रक्कम नाही.

बँकेचा मेसेज वाचण्याची सवयही लावून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते. जून २०२२ पासून साधारणपणे पंधरा हजारांपर्यंतची अशी रक्कम ओटीपीशिवाय जाऊ शकते. म्हणजे पंधरा हजारांच्या आतले बिल न विचारता जाईल, फक्त आदल्या दिवशी एक मेसेज देऊन. तो मेसेज इंग्रजीत असतो आणि आपण तो जाहिरात समजून सोडून देतो.

एवढे करूनही बिल आलेच, तर पोराला रागावण्यात पहिला तास घालवू नका, कारण तो तासही मीटरवर आहे. आधी चालू असलेले सगळे काढून टाकावे. किल्ली गेल्याची शंका असेल तर किल्ल्या रद्द कराव्यात. कार्ड ब्लॉक करून गप्प बसणे हा उपाय नव्हे. कार्ड ब्लॉक झाले तरी मशीन चालू राहते आणि देणे वाढत जाते. खाते बंद केले तरी आधीचे देणे राहते. मग कंपनीच्या बिल विभागाकडे तक्रार नोंदवावी. अॅमेझॉनमध्ये बिलाविषयी विचारायला वेगळे पैसे लागत नाहीत. भाषा साधी असली तरी चालते, पण चार गोष्टी असाव्यात. आपण विद्यार्थी आहोत व खाते शिकण्यासाठी होते. अमुक तारखेला अमुक सेवा चालू राहिल्याचे आपल्या लक्षात आले. अमुक तारखेला ती काढून टाकली. आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून बजेट लावले आहे, तरी बिल माफ करावे ही विनंती. पहिल्या चुकीला कंपन्यांनी बिल माफ केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. हा त्यांचा नियम नाही, म्हणून हक्काची भाषा नको आणि गयावयाही नको. तारखा आणि आकडे द्यावेत. लातूरच्या त्या ताईंच्या लेकीने असेच लिहिले. आधीचे पैसे परत मिळाले नाहीत, पण पुढच्या महिन्याचे चालू दिवसांचे बिल माफ झाले. आम्ही तिला विद्यार्थी खात्याची माहिती दिली आहे.

एक गोष्ट राहिली. बिलाच्या काळजीत असलेल्या माणसाला ‘तुमचे क्लाउड बिल माफ करून देतो’ असा फोन येऊ शकतो. कंपनी माफीसाठी ओटीपी मागत नाही आणि मोबाईलवर कोणते ॲप उतरवायलाही सांगत नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.